जोडव्याखालचं हाड

कोचरेकर डॉक्टरांचं नाव आज मुलुंडमध्ये कुणाला विचारलंत तर कुणी सांगू शकणार नाही. त्यांच्या नावाचा दवाखाना नाही, रस्ता नाही, भिंतीवर तसबीर नाही. पेशंटला गोळ्या देणारे ते डॉक्टर नव्हतेच. पेशंटच्या अंगातून कापून काढलेला तुकडा त्यांच्याकडे यायचा आणि तो साधा आहे की वाईट, हे त्यांनी सांगायचं, एवढंच त्यांचं काम. त्यातही हातापायांच्या हाडांवर येणाऱ्या गाठी म्हणजे त्यांचा प्राण. असं असताना शेवटची दोन वर्षं त्यांना नुसतं रक्त आणि लघवी तपासत बसावं लागलं, त्याला मी कारण आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना ऐकून त्रास झाला असता ती माणसं आता उरली नाहीत. मी उरले आहे. मला त्रास झाला तर होऊ दे.

पन्नास सालाच्या थोडी पुढची गोष्ट. मुलुंडला एका ट्रस्टचं तीसेक खाटांचं इस्पितळ होतं, तिथे मी आया होते. शिक्षण चौथीपर्यंत. नवरा लग्नानंतर दीड वर्षात विषमज्वराने गेला, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दिराने मालवणाहून आणून या नोकरीला चिकटवलं आणि हात झटकले. बरं केलं. त्याच्या घरात राहिले असते तर नुसती भांडी घासली असती, इथे त्याचा पगार तरी मिळायचा.

डॉक्टरांची खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. एका बाजूने डाळीच्या फोडणीचा वास आणि दुसऱ्या बाजूने तुकडे टिकवायच्या फॉर्मलिनचा. नवीन माणूस दारातच तोंडाला पदर लावायचा. डॉक्टर मात्र त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडून भाकरी आणि सुकटीची चटणी खायचे. हात आधी तीनदा धुवायचे, साबणाने, कोपरापर्यंत, आणि मग खाताना म्हणायचे, "मथुराबाई, सुकटीला वास येतोय का हो?" मी म्हणायचे, "डॉक्टर, इथे सुकटीच्या वासाला कोण विचारतंय?"

माणूस उंच, वाकलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. इस्पितळाच्या कमिटीचे चेअरमन समोरून आले तरी न ओळखता पुढे जायचे. पण हात बघितला की माणूस ओळखायचे. भाजीवाली पालक बांधत असली तर हे पालक सोडून तिच्या बोटांकडे बघत उभे. एकदा बसच्या कंडक्टरने तिकीट पुढे केलं तर यांनी तिकीट न घेता त्याचा अंगठाच धरला. "हे कधीपासून आहे?" कंडक्टर म्हणाला, "तिकीट घ्या आधी, मागे लोक आहेत." हे म्हणाले, "तिकीट पळून जात नाही." तो कंडक्टर पुढच्या आठवड्यात फोटो काढायला इस्पितळात आला. फोटो म्हणजे एक्स-रे. आम्ही सगळे फोटोच म्हणायचो.

मी त्यांच्या खोलीत कामाला लागले ते असंच. मी बाहेरची मोरी धूत होते. आतून आवाज आला, "ओ बाई, जरा इकडे या. हे काय दिसतं सांगा."

बशीत काहीतरी पांढरट होतं.

"घाण दिसते," मी म्हटलं.

"घाण वासाला असते. डोळ्यांना काय दिसतं?"

मी वाकून बघितलं. "मटणाच्या नळीच्या टोकाला कोवळं हाड असतं ना, कुरकुरीत, तसं आहे. पण ते गुळगुळीत असतं. हे भिजवलेल्या साबुदाण्यासारखं आहे. निळसर."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कॉलेजातल्या पोरांना दोन वर्षं शिकवलं तरी हे दिसत नाही. त्यांना पुस्तकात छापलेलं तेवढंच दिसतं. उद्यापासून मोरी दुसऱ्या कुणाला द्या."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे. तुकडे आम्लात ठेवायचे, हाड मऊ व्हायला काही दिवस लागायचे. मग ते पातळ कापायचे, काचेवर घ्यायचे, रंगात बुडवायचे. कापायचं काम त्यांचं, बुडवायचं माझं. शिवाय फोटोच्या खोलीत बायका आल्या की त्यांचे दागिने उतरवून ठेवायचं कामही माझ्याकडे दिलं होतं, कारण फोटो काढणारा पुरुष होता.

त्यांचं एक म्हणणं होतं, ते मी इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेतही म्हणता आलं असतं. "काच खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते." त्याचा अर्थ त्यांनी मला एकदा नीट समजावला. कोवळ्या हाडाची गाठ काचेवर घेऊन भिंगाखाली बघितली तर आतल्या पेशी कधीकधी फार दांडगट दिसतात. मांडीच्या किंवा कमरेच्या हाडात तसं दिसलं तर वाईट, पेशंट जातो. पण तेच, अगदी तसंच, हाताच्या किंवा पायाच्या बोटात दिसलं तर बहुतेक वेळा साधं असतं, खरवडून काढलं की झालं. म्हणून ते काच बघायच्या आधी विचारायचे, "कुठलं हाड?" आणि मग, "फोटो कुठे आहे?" फोटोशिवाय त्यांनी कधी मत दिलं नाही. फोटोत बघायचं ते गाठीच्या बुडाशी. खालचं हाड अखंड आहे की गाठीने खाल्लंय, सगळा निकाल तिथे.

घाटकोपरचा एक शिंपी होता. उजव्या हाताचं मधलं बोट भोपळ्याच्या देठासारखं सुजलेलं. शहरातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की हात मनगटापासून काढावा लागेल. तो आमच्याकडे आला तो रडून डोळे लाल करूनच. डॉक्टरांनी काच बघितली, फोटो बघितला, परत काच बघितली आणि म्हणाले, "काचेवर राक्षस आहे, फोटोत गोगलगाय. बोट आहे, म्हणून गोगलगायीवर विश्वास ठेवायचा." बोट खरवडलं, त्याच्याच कमरेचं थोडं हाड काढून आत भरलं. दोन महिन्यांनी शिंपी मशीनवर बसला. त्याने डॉक्टरांना शर्ट शिवून आणला. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब. मी म्हटलं, "बोट बरं झालं पण नजर गेली वाटतं." डॉक्टर म्हणाले, "गप्प बसा. त्याला ऐकू जाईल." आणि तो शर्ट फाटेपर्यंत घातला, एक बाही दुमडून.

दुसरा एक हवालदार. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली टणक उंचवटा, नख वर उचललेलं. त्याला वाटलं कुरूप. न्हाव्याकडून दोनदा कापून घेतलं, वर बिब्बा लावून घेतला, अंगठा शिजल्यासारखा झाला होता.

"बिब्बा कशाला लावलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुरपाला लावतात साहेब."

"हे कुरूप नाही, हाड आहे. हाड वर वाढलंय. हाडाला बिब्बा लावून कुणाचं भलं झालंय?"

"न्हावी म्हणाला..."

"न्हाव्याला डोक्यापर्यंत ठेवा हो, पायापर्यंत कशाला आणता?"

हवालदार खोखो हसला. डॉक्टर हसले नाहीत. ते गंमत म्हणून बोलतच नव्हते.

असा माणूस. माझ्याशी ते अहो-जाहो बोलायचे. डॉक्टर मंडळी आयांना अगं-तुगं करायची, त्यात हे एकटेच. मीही त्यांच्या गावाकडची, तेव्हा कधी फार खुशीत असले की मालवणीत यायचे. "काय गो, आज रंग बरो लागलो!" मग लगेच स्वतःच ओशाळायचे आणि मराठीत यायचे.

ठकूबाय आली ती थंडी संपता संपता. भांडुपच्या मिठागरात टोपल्या वाहायची, राहायची नाहूरला. तेव्हा नाहूरला स्टेशन नव्हतं, भातशेती आणि पन्नासेक घरं. वय पंचविशीच्या आत. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर टणक गाठ, सुपारीएवढी, चार-सहा महिन्यांत वाढलेली. मिठाच्या पाण्यात उभी राहायची, त्यामुळे पावलं फाटलेली. आमच्याकडे दर बुधवारी शहरातून एक मोठे सर्जन यायचे. त्यांनी गाठीचा तुकडा काढला, तो आमच्या खोलीत आला, आणि फोटो काढायला तिला माझ्याकडे पाठवलं.

"जोडवी काढ गं," मी म्हटलं.

ती पाय आखडून बसली. "नाय काढायची."

"फोटोत येतात. खालचं काही दिसत नाही. काढ, नाहीतर मी काढते."

मी खाली वाकले. तिने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि पाय मागे ओढला. "तू नको हात लावू. माझा नवरा खाटेवर हाय. तुझ्या हातानं नको."

यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या घरात तिला जे शिकवलं तेच ती बोलली. नवरा आजारी असताना विधवेच्या हातून जोडवी उतरवून घेणं, कुठली बाई घेईल? त्या काळात मीही घेतली नसती. पण माझी स्वतःची जोडवी माझ्या जावेने उतरवली होती, ओढून, बोटाचं सालटं निघेपर्यंत, आणि त्याला तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. मला राग आला. काम करताना राग येतो तसा नाही, खोल, वाईट राग.

"नको तर नको," मी म्हटलं. "ठेव तुझं सौभाग्य पायात." आणि बाहेर येऊन फोटो काढणाऱ्याला सांगितलं, "निघत नाहीत. बोट सुजलंय."

बाजूच्या वॉर्डात सिस्टर होत्या, लग्न झालेल्या, कुंकू लावणाऱ्या. त्यांना बोलवायला दोन मिनिटं लागली असती.

फोटो आला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. बोटावर दोन पांढरे पट्टे, चांदीचे, ठळक. आणि गाठीचं बूड नेमकं त्या पट्ट्यांखाली.

"इथेच," ते म्हणाले. "बरोबर इथेच. जोडवी काढली नाहीत?"

"निघाली नाहीत. सूज आहे."

त्यांनी एकदाही उलटा प्रश्न केला नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. दोन आठवड्यांनी काच तयार झाली, तेव्हा दिवसभर ते ती बघत राहिले. संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाले, "काचेवर फार वाईट दिसतंय. कुणीही याला कॅन्सर म्हणेल. पण अशी गाठ मी आधी दोनदा बघितली आहे, एकदा हाताच्या बोटावर, एकदा पायाच्या. पुस्तकात तिला नाव नाही. दिसते विचित्र, वाढते भराभर, पण हाडाच्या वर बसलेली असते, आत शिरत नाही. दोघंही माणसं अजून चालती-बोलती आहेत. हिचंही तेच असेल. पण बूड बघितल्याशिवाय मी म्हणू शकत नाही." मग म्हणाले, "तुम्ही नाहूरला जा. तिला सांगा, सोनाराकडून जोडवी कापून घे आणि परत फोटोला ये. आणि हे नीट सांगा, मथुराबाई. जोडवी नवीन घडवता येतील, पाय घडवता येणार नाही."

मी गेले. बांधाबांधाने तासभर चालत. ठकूबाय मिठागरात गेली होती. दारात तिची सासू होती. मी म्हटलं, "जोडवी कापून फोटोला यायला सांगितलंय."

सासूने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "माझा पोरगा आत झोपलाय. तू दारात उभी राहून जोडवी कापायची बात करते? चालती हो."

मी चालती झाले. जोडवी नवीन घडवता येतील हे वाक्य डॉक्टरांनी मला दिलं होतं. मी ते बोलले नाही. पाय जाऊ शकतो, हेही बोलले नाही. परत येऊन डॉक्टरांना म्हटलं, "निरोप दिला."

"येते म्हणाली?"

"येईल."

पुढचा बुधवार. ठकूबाय आदल्या दिवशीच दाखल झाली होती, कारण सर्जनने दिलेली तारीख तिला पाठ होती. त्याच आठवड्यात फोटो काढणारा होळीसाठी गावी गेलेला, खोलीला कुलूप. आमच्या इस्पितळाचा नियम होता की कॅन्सरची शंका असली तर एक काच शहरात मोठ्या इस्पितळाला दाखवायची. तिथून चिठ्ठी आली होती, कॅन्सरच. तिथल्या माणसाने फोटो मागवलाच नव्हता.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर डॉक्टर आणि सर्जन बोलत होते. मी काचांचा ट्रे घेऊन मागे उभी होते.

"एक आठवडा थांबा," डॉक्टर म्हणाले. "एक फोटो. जोडव्यांशिवाय."

"तीन आठवडे झाले कोचरेकर. फोटो मिळाला का तुम्हाला?"

"निरोप गेलाय. ती फोटोला आलीच असती..."

"मग आली का नाही? तुमच्याजवळ फोटो नाही, पुस्तकात या गाठीला नाव नाही, आणि शहराची चिठ्ठी माझ्या खिशात आहे. आठवड्याभरात छातीत गेलं तर तुम्ही सही करणार?"

डॉक्टर वळून माझ्याकडे बघायला लागले. ते काही विचारत नव्हते. निरोप दिलाय ना, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं. माझ्या हातात ट्रे होता आणि मला तोंड होतं. तेव्हा बोलले असते, जोडवी निघतात, मी काढलीच नाहीत, आता काढा आणि दुसरीकडे नेऊन फोटो घ्या, तर सर्जन चिडले असते, माझी नोकरी गेली असती, आणि त्या बाईचा पाय राहिला असता. मी ट्रे घट्ट धरला.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले.

पाय घोट्याच्या वर कापला.

दुपारी तो आमच्या खोलीत आला, फडक्यात गुंडाळून. डॉक्टरांनी मला पहिल्यांदाच बाहेर जायला सांगितलं. तासाभराने हाक आली. बोट मधोमध उभं कापून त्यांनी टेबलावर ठेवलं होतं.

"बघा."

काचेची गरज नव्हती. खालचं हाड अखंड, पांढरं, एक रेघ सुद्धा तुटलेली नाही. गाठ त्याच्यावर बसलेली.

"खडकावर कालव बसतं तसं," ते म्हणाले. "कालव खरवडलं की खडक तसाच." मग सुरी खाली ठेवत म्हणाले, "मी 'ठीक आहे' म्हणालो. तिथे नाही म्हणायचं होतं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. डबा मी घासून ठेवला.

त्यांनी रिपोर्ट लिहिला आणि त्याबरोबर कमिटीला एक पत्र लिहिलं की पाय कापायची गरज नव्हती, ते ऑपरेशन थोपवणं आपलं काम होतं, ते आपण केलं नाही. सर्जनचं नाव नाही, शहरातल्या इस्पितळाचं नाही. असं पत्र कुणी लिहीत नाही. त्यांना तेवढंच सुचलं नाही की कमिटी ते खरं धरेल.

चार आठवड्यांनी ते म्हणाले, "नाहूरला जायचंय. चला." काचेचे डॉक्टर कधी पेशंटच्या घरी जात नाहीत. हे बांधावरून चालत गेले, धोतर वर धरून. ठकूबाय ओट्यावर बसली होती, पाय गुंडाळलेला. घरात नवरा खोकत होता. डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाय, तुझा पाय वाचला असता," ते म्हणाले. "ती गाठ साधी होती."

सासूने तोंडावर हात मारून घेतला. ठकूबायने विचारलं, "मग कापला कशाला?"

"माझी चूक झाली."

"तू नाय कापला. तो दुसरा व्हता, गोरा."

"त्याला थांबवणं माझं काम होतं. मला जमलं नाही."

"आता टोपली कोण उचलनार?" ती म्हणाली. डॉक्टरांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या हातात दिली. तिने उघडली. दोन जोडवी. कुठेही कापलेली नाहीत, वाकलेली नाहीत. पाय त्यांच्या टेबलावर आला तेव्हा जोडवी बोटातच होती. त्यांनी ती हाताने काढली होती, आणि ती निघाली होती.

म्हणजे त्या दुपारपासून त्यांना ठाऊक होतं की मी खोटं बोलले. पत्र लिहिताना ठाऊक होतं. इथे बसून स्वतःची चूक म्हणतानाही ठाऊक होतं.

ठकूबायने जोडव्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिलाही सगळं आठवत होतं. वाटलं आता बोलेल. पण ती गप्प राहिली. माझ्यासाठी नाही, जोडवी काढायला नको म्हणणारी तीच होती, म्हणून. तिने पुडी परत बांधली आणि कनवटीला खोचली.

येताना मी तीनदा तोंड उघडलं. डॉक्टर पुढे चालत होते. एकदा मागे वळले आणि म्हणाले, "बांध निसरडा आहे. हळू या."

त्यानंतर कमिटीने हाडाचे सगळे तुकडे परस्पर शहरात पाठवायला सुरुवात केली. डॉक्टरांकडे रक्त, लघवी, थुंकी. ती त्यांनी तितक्याच काळजीने तपासली. पण खोलीतून "कुठलं हाड?" ही हाक गेली. मी तेव्हा कमिटीकडे जाऊन खरं सांगू शकले असते. रोज ठरवायचे. रोज काहीतरी काम निघायचं.

एक गोष्ट मात्र ते करायला लागले. कुणा बाईच्या पायाचा फोटो असला की स्वतः फोटोच्या खोलीत यायचे, जमिनीवर बसायचे आणि विचारायचे, "बाय, जोडवी मी काढू का?" बायका लाजायच्या, पदर तोंडात घालून हसायच्या. एका म्हातारीने पाय पोटाशी घेतले. "डॉक्टर माझ्या पायाला हात लावतो? मला पाप लागंल."

"मला लागू दे," ते म्हणाले आणि साबण मागितला. साबणाची वडी माझ्याकडून घ्यायचे, जोडवी काढून आपल्या मुठीत धरायचे, फोटो झाला की परत बोटांत घालायचे. ते काम त्यांनी मला पुन्हा कधी सांगितलं नाही. का, तेही सांगितलं नाही. मी बाजूला पाणी घेऊन उभी. दोन वर्षं.

मग त्यांना रत्नागिरीकडे कुठेतरी नोकरी मिळाली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी एक पोरगी आली, नवी नवरी, पाय मुरगळलेला. गाठबीठ काही नव्हती. डॉक्टर आपल्या खोलीतून निघालेले मला दिसले, लांब व्हरांड्यातून सावकाश येताना. मी त्यांच्या आधी जाऊन पोरीच्या पायाशी बसले.

"हे बघ," मी तिला म्हटलं, "मी विधवा आहे. माझ्या हातानं नको असेल तर सांग, सिस्टरला बोलावते. त्यात मला राग नाही. पण जोडवी काढल्याशिवाय फोटो काढायचा नाही. मागे एक बाई माझ्या हातानं नको म्हणाली, तेव्हा मी रागाने तिची काढली नाहीत."

पोरगी घाबरली. माझ्या कपाळाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "सिस्टरला बोलवा," ती म्हणाली.

मी उठले. डॉक्टर दारात उभे होते. चौकटीला हात लावून. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"एवढंच कारण होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

ते माझ्याकडे बघत राहिले, माझ्या तोंडाकडे, बहुतेक पहिल्यांदाच. मला वाटलं ओरडतील. मला ते हवं होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. "सिस्टर दोन नंबरच्या वॉर्डात आहेत," म्हणाले आणि वळले. मी सिस्टरना आणायला गेले. जाताना त्यांच्या खोलीवरून गेले तर दार उघडं होतं. ते खुर्चीत बसले होते, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून, आणि समोर काही नव्हतं.